वेरिबीतला अकरावा महिना

मेलबर्न शहराच्या नैऋत्येस सुमारे ३२ किलोमीटरवर वेरिबी नावाचे उपनगर आहे. नाव तेथून वाहणाऱ्या नदीचे, आणि नदीला ते येथील मूळ रहिवाशांच्या भाषेतून मिळालेले. त्याचा अर्थ पाठीचा कणा. नदी लहानच आहे. आमच्या वारणेने उन्हाळ्यात अंग चोरले की जेवढी उरते, जवळपास तेवढी. काठाने सपाट पायवाट, थोड्या थोड्या अंतरावर बाक आणि पुढे समुद्र. गेल्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही उभयता मुलीकडे येथे आलो. ऑस्ट्रेलियाच्या पाहुणा व्हिसावर जास्तीत जास्त १२ महिने राहता येते, आणि पालकांच्या व्हिसावर पुष्कळदा अशी अट असते की येथे राहूनच पुढचा मुक्काम मागता येणार नाही. आमच्या व्हिसावर ती आहे. आता मे महिना अर्धा सरला. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोडोलीला परतायचे आहे.

कोडोली पन्हाळा तालुक्यात, वारणेच्या खोऱ्यात. ज्यांना कोडोली ठाऊक नाही त्यांना वारणानगर ठाऊक असते. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला साखर कारखाना आणि त्याभोवती वाढलेले ते नगर आमच्या गावाला लागूनच आहे. दक्षिणेला जोतिबाचा डोंगर, सभोवार ऊस, आणि हंगाम सुरू झाला की मळीचा तो गोडसर, उग्र वास. त्या गावात मी शाळामास्तर म्हणून आयुष्य काढले. माझी पत्नी सत्तरीची आहे. तिला स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया आहे, आणि येथे येण्यापूर्वीच त्याचे निदान होऊन दोन वर्षे झाली होती. हा लेख प्रवासवर्णन आहे खरा. पण ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांना ठाऊक असेल की त्यांचे प्रवासवर्णन इतरांसारखे होत नाही. आम्ही प्रेक्षणीय स्थळे पाहिली, परंतु माझ्या टिपणवहीत त्यांच्या नावांपुढे बहुधा स्वच्छतागृह कोठे आहे, एवढेच लिहिलेले आहे.

तेथूनच सुरुवात करतो, कारण ही गोष्ट कोणी सांगत नाही. पत्नीला स्वच्छतागृहात एकटे पाठवता येत नाही, आणि स्त्रियांच्या स्वच्छतागृहात नवऱ्याला जाता येत नाही. आपल्याकडे यामुळे कित्येक जोडपी घराबाहेर पडणेच सोडून देतात. येथे बहुतेक उद्यानांत, वाचनालयांत, दुकानांच्या संकुलांत अपंगांसाठी एक स्वतंत्र, प्रशस्त खोली असते. तिच्यात सोबतीच्या माणसाने जाण्यास कोणाची हरकत नसते. आत आधाराचे दांडे, पुरेशी जागा, दाराला सोपी कडी. या एका खोलीच्या बळावर आम्ही वेरिबी पार्कमधल्या गुलाबांच्या बागेत वर्षभरात वीसएक वेळा तरी गेलो असू. पाच हजारांहून अधिक झाडे आहेत तेथे, प्रवेश विनामूल्य. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बहर. हिने पहिल्याच भेटीत एक फूल तोडून केसांत खोवले. तेथे फुले तोडत नाहीत हे मी तिला सांगितले नाही. शेजारच्या बाकावरच्या गोऱ्या आजीबाईंनी हसून मान हलवली, आणि आम्ही तेवढ्यावर भागवले.

या प्रदेशाची माती मला ओळखीची वाटली, आणि त्याला कारण आहे. पश्चिम व्हिक्टोरियाचे पठार ज्वालामुखीच्या लाव्ह्याने घडले आहे. आपले दख्खनही तसेच, फक्त आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि येथला त्या मानाने पुष्कळच अलीकडचा. तोच काळा बेसॉल्ट. काही ठिकाणी माळावर त्याच दगडांचे रचलेले बांध. तीच चिकण माती, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी. नव्या घरांच्या भिंतींना तडे जातात ते या मातीमुळे, असे जावई सांगत होते. मी म्हटले, आमच्याकडे ऊस लावतात, तुम्ही घरे लावता. नदीच्या मुखाकडे मात्र अजून शेती आहे. फ्लॉवर, ब्रोकोली, लेट्यूस यांचे लांबच लांब वाफे. ही शेती मुख्यतः इटलीतून आलेल्या कुटुंबांनी वाढवली. शनिवारी आम्ही तिकडे जात असू. पत्नीला मुलीचे नाव कधी आठवते, कधी आठवत नाही. पण फ्लॉवरचा गड्डा हातात घेऊन, उलटा करून, देठाशी नखाने दाबून तो ताजा की कालचा हे ती अचूक सांगते. हातांची स्मृती डोक्याच्या स्मृतीपेक्षा उशिरा जाते हे मी वाचले होते. ते डोळ्यांनी पाहिले ते त्या बांधावर. घरी परतल्यावर मेथी, कोथिंबीर, मटार तिच्यापुढे ठेवले की तास-दीड तास ती निवडत, सोलत बसते आणि त्या वेळात एकही प्रश्न विचारत नाही.

तेथल्या एका वृद्ध शेतकऱ्याशी आमचा परिचय झाला. त्यांची पत्नीही याच आजाराने गेली. ते म्हणाले, ती पन्नास वर्षे येथे राहिली, उत्तम इंग्रजी बोलत असे. शेवटच्या काळात इंग्रजी सगळे गेले आणि तिच्या लहानपणच्या खेड्यातली बोली तेवढी उरली, इतकी की शहरात वाढलेल्या मुलांनाही तिचे सगळे बोलणे कळेना. असे घडणे नवलाचे नाही. मागाहून शिकलेली भाषा आधी गळते. इटालियन आणि ग्रीक समाजांनी हे ओळखून मेलबर्नमध्ये आपापल्या भाषेत सेवा देणारी वृद्धनिवासे उभारली आहेत. त्यांना येथे येऊन दोन-तीन पिढ्या झाल्या. मराठी माणसे आता कोठे स्थिरावत आहेत. आपली मुले आपल्याशी मराठी बोलतील, पण अंघोळ घालायला येणारी परिचारिका बोलणार नाही. हिची हिंदी दिवाळीच्या सुमारास गेली. पुस्तकी मराठी तशी तिची कधी नव्हतीच. आता उरली आहे ती वारणाकाठची बोली.

ऋतू उलटे, हे सर्वांना ठाऊक असते. सूर्य किती उलटा वागेल याचा विचार मात्र आम्ही केला नव्हता. कोडोलीत वर्षभरात सूर्यास्त सहा ते सव्वासातच्या दरम्यान होतो. दिवेलागणीची वेळ म्हणजे एक पक्की खुंटी. येथे जूनमध्ये सूर्य पाच वाजून गेल्यावर लगेच मावळतो आणि डिसेंबरअखेर पावणेनऊपर्यंत मावळत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घालमेल सायंकाळी वाढते हे काळजीवाहकांना सांगायला नको. हिवाळ्यात ती येथे चारलाच सुरू होई. खिडक्या मोठ्या, बाहेर अंधार पडला की काचेत आपलेच प्रतिबिंब दिसते. हिला वाटे बाहेर कोणी बाई उभी आहे. मुलीने उपाय शोधला: साडेतीनला घरातले सगळे दिवे लावायचे आणि अंधार पडण्यापूर्वीच पडदे ओढायचे. एवढ्याने पुष्कळ फरक पडला. उन्हाळ्यात उलटाच पेच. रात्रीचे आठ वाजले तरी बाहेर लख्ख ऊन. ही जेवायला बसेना. "अजून दिवा लावला न्हाई, आत्ताच काय जेवायचं?" तिचे चुकत नव्हते. आयुष्यभर देवापाशी दिवा लावल्यावर तिने तव्याला हात लावला. मग आम्ही सातला पडदे ओढून घर अंधारे करू लागलो, तिच्या हातून दिवा लावून घेऊ लागलो, नातू "शुभं करोति" म्हणू लागला, आणि जेवण पुन्हा सुरळीत झाले. मला विचाराल तर वर्षभरात औषधांनी जे साधले त्याहून या दिव्याने अधिक साधले. अर्थात औषधे बंद केली नाहीत, हेही नमूद करतो.

औषधांविषयी थोडे. प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी तीन महिन्यांपुरती औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणता येतात. वर्षभराचा साठा आणता येत नाही. पुढे येथल्या डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घ्यावी लागते आणि पूर्ण पैसे भरावे लागतात. ज्या देशांशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर वैद्यकीय सेवेचा करार आहे त्यांत भारत नाही. प्रवासविम्यात आधीपासूनच्या आजारांचा समावेश सहसा नसतो. म्हणजे हिचा मुख्य आजार विम्याबाहेरच. सुदैवाने वर्ष निभावले. पालकांना परदेशी बोलावू इच्छिणाऱ्या मुलांनी विम्याच्या कागदावरील बारीक अक्षरे तिकीट काढण्याआधी वाचावीत.

मुख्य गोष्टीकडे येतो. "घराकडं कवा जायाचं वो?" हा प्रश्न ती रोज विचारते. दिवसातून दहा वेळा, काही दिवशी चाळीस वेळा. येथे येणाऱ्या मराठी मंडळींना ती परदेशाला कंटाळली आहे असे वाटते. "काकूंना गावाची ओढ लागली," असे म्हणून ते हळहळतात. त्यांना मी सांगत नाही की हा प्रश्न ती कोडोलीतही विचारत असे. ज्या घरात ती नवरी म्हणून आली, ज्या घराचे जोते मी तिच्या डोळ्यांदेखत बांधले, त्याच्या ओसरीवर बसून. तेव्हा मी तिला सांगे, अगं हेच आपले घर. ती माझ्याकडे अशी पाहत असे की जणू मी तिला फसवतो आहे.

येथल्या वाचनालयात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या कुटुंबीयांचा एक छोटा मेळावा महिन्यातून एकदा भरतो. चहा-बिस्किटे, थोडे गाणे, थोड्या गप्पा. मुलगी मला तेथे घेऊन गेली आणि दुभाषाही झाली. तेथल्या एका कार्यकर्तीने सांगितले की उत्तर देण्याची घाई करू नका, घराविषयी विचारा. मी त्या सायंकाळी विचारले, "कुठल्या घराकडं जायचं?" ती लगेच बोलू लागली. दाराशी शेवग्याचे झाड, मागे गोठा, तांबडी गाय, पडवीत जाते, आणि आई वाट बघते आहे. ते कोडोलीचे घर नव्हतेच. ते तिचे माहेर, वारणेच्या पलीकडचे, शिराळा तालुक्यातले. वारणेच्या त्या तीरापासून सांगली जिल्हा लागतो. आमच्या गावाहून नदी ओलांडली की अर्ध्या तासाच्या वाटेवर. त्या घराच्या आता भिंतीही उभ्या नाहीत. भावकीने जागा वाटून घेतली, तेथे गोदाम झाले आहे. आई जाऊन बत्तीस वर्षे झाली.

मग कळले की ती जेथे जाऊ म्हणते तेथे कोणतेही विमान जात नाही. कोडोलीस परतलो तरी प्रश्न राहणार. आता मी तिला गाईचे नाव विचारतो, जात्यावर कोण बसायचे ते विचारतो. दहा मिनिटे ती सांगत राहते आणि तेवढा वेळ ती घरीच असते. कधी ती रडते. तेव्हा हात धरून बसण्यापलीकडे मला काही सुचलेले नाही.

असे आहे तर परत का जायचे, असे मुलीने मार्चमध्ये विचारले. तिचा प्रश्न रास्त होता. २०१९ पासून येथे पालकांसाठी एक तात्पुरता व्हिसा आहे. तो ३ किंवा ५ वर्षांचा मिळतो, एकूण १० वर्षांपर्यंत राहता येते. शुल्क मोठे आहे, आरोग्यतपासणी आणि विमा आहे, पण मुलगी-जावयांची तयारी होती. "आण्णा, तिथं रात्री एकटे काय करणार तुम्ही?" कोडोलीतल्या शेवटच्या वर्षी मी रात्रीचे तीन तास झोपत होतो. येथे आल्यावर मुलीने आईची अंघोळ आणि रात्रीची जाग स्वतःकडे घेतली, आणि दोन वर्षांत प्रथमच मी सहा तास सलग झोपलो. माझा रक्तदाब उतरला. हे ऋण फिटणारे नाही. पण त्यासाठी मुलीने नोकरी आठवड्यातून तीन दिवसांवर आणली होती, आणि दहा वर्षांचा नातू शाळेतून आल्यावर मित्रांना घरी बोलावीनासा झाला होता. हे कोणी बोलून दाखवले नाही. मास्तरकी केलेल्या माणसाला मुलांच्या न बोललेल्या गोष्टी ऐकू येतात.

दुसरे कारण रस्ता. येथली नवी वसाहत देखणी आहे, पण सगळी घरे एका साच्याची आणि रस्त्यावर माणूस नाही. ऑक्टोबरात एकदा ही दार उघडून बाहेर पडली आणि चौथ्या घरासमोर जाऊन उभी राहिली, कारण तेही दार करडेच होते. त्या घरच्या पंजाबी बाईंनी तिला आत बसवून पाणी दिले म्हणून बरे. कोडोलीत ती चुकली तर पहिल्या वळणावर कोणीतरी म्हणेल, "काकू, हिकडं कुठं? चला, सर वाट बघत्यात." गावाकडे मी भाबडेपणाने पाहत नाही. उसाच्या ट्रॉल्या त्याच वळणावरून भरधाव जातात, नदी जवळ आहे, आणि आमच्या गावाला हिचा चेहरा ठाऊक असला तरी हिचा आजार ठाऊक नाही. "वय झालं की व्हायचंच" असे म्हणणारे, आणि अंगाऱ्याची पुडी आणून देणारेही आहेत. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे आणि शहरांपेक्षा खेड्यांचे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे कोडोलीतही हा आजार अनेक घरांत असणार. फक्त तो माजघरात आहे.

तिसरे कारण भाषेचे, ते वर आलेच आहे. जोवर तिला बोलता येते तोवर तिचे बोलणे ज्यांना कळते त्यांच्यात तिने असावे, हे मी मुलीला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, रात्रीच्या सोबतीची सोय झाल्याखेरीज तिकीट काढायचे नाही. ही अट मी मान्य केली, आणि मला वाटते, असा निर्णय अटी घालूनच करावा. नुसत्या ओढीवर करू नये.

एप्रिलपासून तयारी चालू आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेचा गुलाल यंदा मोबाइलवर पाहिला. त्याच फोनवर पुतण्याला घराच्या दुरुस्त्या सांगितल्या. न्हाणीघरात दोन दांडे बसले, संडासात कमोड आला. उंबऱ्यावर पिवळा पट्टा मारला, कारण फरशीचा आणि उंबऱ्याचा रंग एक असला की हिला पायरी दिसत नाही. बाहेरच्या दाराला वरच्या बाजूस कडी लावली. माजघरातला मोठा आरसा काढून ठेवला. गल्लीतल्याच एक बाई रात्रीच्या सोबतीला येणार आहेत, आठवड्यातून सहा रात्री. सातवी रात्र पुतण्याच्या घरची मंडळी पाहणार. पुतण्याने त्या बाईंना महिन्याचा पगार किती द्यायचा ते विचारले तेव्हा मी त्याला म्हटले, जो आकडा तुला जास्त वाटतो तो.

प्रवासाची आखणी मुलीने केली आहे. विमान सकाळी निघणारे घेतले, सायंकाळची घालमेल विमानतळावर नको म्हणून. चाकाच्या खुर्चीची मागणी तिकिटासोबतच नोंदवली. येथल्या डॉक्टरांकडून वर्षभराच्या तपासण्यांचे कागद आणि औषधांची मूळ नावे लिहून घेतली, कारण गोळ्यांची दुकानातली नावे देशागणिक बदलतात. झोपेची नवी गोळी विमानात प्रथमच देऊन पाहू नका, असे त्यांनी बजावले आहे. अशा रुग्णांत तिचा परिणाम उलटा होऊन भ्रम वाढू शकतो. सध्या येथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे आहे. म्हणून शेवटच्या पंधरवड्यात जेवण आणि झोप रोज थोडी थोडी उशिरा नेत आहोत, जेणेकरून तेथे ती पहाटे दोनला उठून बसणार नाही. तिच्या पर्समध्ये नाव, आजार आणि दोन फोन क्रमांक लिहिलेले कार्ड ठेवले आहे. निवडायला काहीतरी हवे म्हणून मुलीने रंगीत मण्यांची एक डबी घेतली आहे; विमानात मेथी नेता येत नाही.

मुलगी तीन आठवड्यांची रजा काढून सोबत येते आहे. मुंबईत एक रात्र थांबून दिवसाउजेडी कोडोलीस पोचायचे आहे. तोवर मृग निघालेला असेल. पाऊस वेळेवर झाला तर वारणेला गढूळ पाणी येऊ लागेल, आणि पूर येण्यापूर्वी एक दिवस तिला गाडीतून पुलावर नेऊन पलीकडचा तीर दाखवावा, असा माझा विचार आहे. गोदामापर्यंत न्यायचे की नाही, ते तेव्हा तिच्याकडे पाहून ठरवीन.